मेपलचा साधा तैवानी क्यू: पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. पूल या टेबलावरच्या खेळाचा पहिला क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, घेत असाल आणि बजेट सहा हजार तैवान डॉलरच्या, म्हणजे साधारण सोळा हजार रुपयांच्या आसपास असेल, तर साध्या मेपलचा, नक्षी नसलेला, सरळ शाफ्टचा (शाफ्ट म्हणजे काठीचा पुढचा निमुळता भाग) क्यू घ्या. नक्षीचे वाचलेले पैसे टिपवर, म्हणजे टोकाच्या चामड्यावर, घाला. कार्बन फायबरच्या शाफ्टचा विचार वर्ष-दोन वर्षं तरी नको.

मी तैवानमधल्या शिन्चूला असतो. मे महिन्यात, इथला 'मेईयू'चा चिकचिकीत पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर हा क्यू घेतला. आता शिन्चूचा तो कुप्रसिद्ध वारा सुटलाय आणि खिडक्या रात्रभर खडखडतात. मधल्या काळात आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी हा क्यू हातात होता, त्यामुळे चार शब्द लिहायला हरकत नाही.

मूळचा मी पुण्याचा, स्नूकरवाला. तिकडे ॲश लाकडाचा क्यू, साडेनऊ मिलिमीटरची टिप आणि 52.5 मिलिमीटरचे बॉल. इथे बॉल 57.15 मिलिमीटरचा, बराच जड, आणि टिप बारा-तेरा मिलिमीटरची. ॲशच्या शाफ्टवर काळ्या रेषा असतात, निशाणा धरताना नजर त्यांच्यावर टेकते. मेपल अगदी कोरा. सुरुवातीला नजर कुठे ठेवायची तेच कळेना, पण ती सवय लवकर होते.

इथे पूलला टाइमपास समजणारा माणूस हॉलमध्ये फार टिकत नाही. चाओ फोंग-पांग यांनी 1993 आणि 2000 मध्ये नऊ-बॉल या पूलच्या प्रकाराचं जागतिक विजेतेपद घेतलं. 2005 मध्ये काओशुंगला, घरच्या मैदानावर, सोळा वर्षांच्या वू जिया-छिंगनं अंतिम सामना 17-16 असा काढला, तोही तैवानच्याच कुओ पो-चेंगविरुद्ध. को पिन-यी 2015 मध्ये एकाच वर्षात नऊ-बॉल आणि दहा-बॉल अशा दोन्हींचा जगज्जेता झाला. हे सगळं बघत वाढलेली माणसं शेजारच्या टेबलावर खेळत असतात. तुमच्या हातात काय आहे, हे ती दारातूनच ओळखतात.

त्यांच्या आवडीचं शिखर म्हणजे साऊथवेस्ट. लास वेगासमध्ये जेरी फ्रँकलिननं सुरू केलेला हा छोटा कारखाना. 1996 मध्ये तो गेल्यावर त्याची बायको लॉरीनं काम पुढे चालू ठेवलं. नवा क्यू मागवला तर दहा वर्षांहून जास्त थांबायचं. सेकंडहँड मिळाला तर नव्या स्कूटरची किंमत. दिसायला अगदी शांत, फोरआर्मवर, म्हणजे पकडीच्या पुढच्या भागावर, नक्षीची सहा टोकं, बाकी भपका नाही. आमच्या हॉलमध्ये एका काकांकडे तो आहे. एकदा त्यांनी दोन शॉट मारू दिले. तोल किंचित पुढे झुकलेला, त्यामुळे क्यू आपणहून पुढे सरकतो असं वाटतं. आवाज बसका, कोरडा. मागे मान डोलावत उभ्या असलेल्या तिघांचे चेहरे बघूनच मला कळलं की इथे लोक काय शोधतात: पुढे तोल, लाकडाला लाकूड भिडल्यासारखी भावना आणि हाताला स्पष्ट कळणारा फटका. पोरांची पसंती अलीकडे काळ्या कार्बनकडे आणि 'मेझ' या जपानी ब्रँडकडे वळलीय. काका मंडळी मात्र लाकूड सोडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात 'लो डिफ्लेक्शन' हे शब्द इतक्या वेळा कानावर पडतात की ते नसलेला क्यू घेणं पाप वाटायला लागतं. प्रकार साधा आहे. बॉलला डाव्या बाजूला टिप लावली की पांढरा बॉल किंचित उजवीकडे ढकलला जातो. किती ढकलला जाणार हे मुख्यतः शाफ्टच्या टोकाकडच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं. टोक हलकं असेल तर ते स्वतःच बाजूला सरकतं आणि बॉल कमी ढकलला जातो. म्हणून प्रेडेटरसारख्या कंपन्या तो भाग पोकळ करतात आणि फेरूल, म्हणजे टिपखालची कडी, लहान ठेवतात. कार्बनमध्ये हे अजून सोपं जातं. साध्या मेपलमध्ये ढकलणं जास्त, म्हणजे लांबच्या शॉटवर साइड लावताना, म्हणजे बॉलला बाजूला टिप लावताना, निशाणा थोडा हलवून धरावा लागतो.

मग मी लो डिफ्लेक्शन का घेतला नाही? कारण नुसता चांगला कार्बन शाफ्टच पाचशे अमेरिकन डॉलरच्या पुढे जातो. दुसरं म्हणजे निशाणा हलवून करायची ही भरपाई कुठल्याच शाफ्टला शून्य नसते, फक्त कमी-जास्त असते. एकाच शाफ्टवर हात बसला की ती भरपाई आपोआप होते. आणि तिसरं, माझ्या पातळीला निम्म्याहून जास्त शॉट चुकतात ते स्ट्रोक वाकडा गेल्यामुळे, शाफ्टमुळे नव्हे. नऊ-बॉलमध्ये पुढच्या शॉटची पोझिशन मिळवण्यासाठी साइडपेक्षा वर-खाली मारून आणि वेग सांभाळून बरंच काम होतं, हेही इथल्या चांगल्या खेळाडूंना बघून लक्षात आलं.

दुकानात लाओबाननं म्हणजे मालकानं एकाच किमतीचे चार-पाच क्यू समोर ठेवले. मी जोडलेला क्यू न बघता आधी नुसता शाफ्ट टेबलावर गडगडवला, डोळे टेबलाच्या पातळीला आणून. टिपखालच्या फटीतला उजेड फिरताना कमी-जास्त होत असेल तर शाफ्ट वाकडा. दोन तिथेच बाद झाले. मग उजेडात धरून लाकडाच्या रेषा बघितल्या. त्या फेरूलपासून जॉइंटपर्यंत, म्हणजे क्यूचे दोन भाग जुळतात तिथपर्यंत, सलग जायला हव्यात, मध्येच बाजूला उतरणाऱ्या रेषा म्हणजे पुढेमागे वाकण्याची तयारी. मी घेतलेल्या शाफ्टवर जॉइंटजवळ दोन तपकिरी छटा आहेत. त्या फक्त रंगाच्या, पण गिऱ्हाइकं नाकं मुरडतात, म्हणून लाओबाननं स्वतःहून थोडे पैसे कमी केले.

जॉइंट मुद्दाम सर्वसाधारण घेतला, तीन-अष्टमांश इंचाचा, इंचाला दहा आट्यांचा. उद्या वेगळा शाफ्ट घ्यावासा वाटला तर तो सहज मिळेल. काही ब्रँड स्वतःचाच जॉइंट वापरतात, मग शाफ्टसाठीही त्यांच्याच दारात जावं लागतं. वजन 19 औंस, म्हणजे साधारण 540 ग्रॅम. तोल साऊथवेस्टइतका पुढे नाही, पण मागचा वजनाचा बोल्ट हलका करून घेतल्यावर फरक पडला. हे काम दुकानात पाच मिनिटांत झालं.

महिन्यागणिक काय झालं? सोबत आलेली टिप टाकाऊ निघाली. दोन आठवड्यांत ती कडेनं पसरून छत्रीसारखी झाली आणि चॉक धरेना. थरांच्या चामड्याची जपानी टिप बसवली, मजुरीसकट आठशे तैवान डॉलरच्या आसपास गेले. एवढ्या खर्चात खेळात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडला नाही. बॉल मागे खेचणारा स्क्रू मारताना आता मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून निसटणं, क्वचित होतो.

दमट हवेची भीती होती, ती बऱ्याच अंशी फोल ठरली. शाफ्ट सरळच आहे, पण मी तो कधी भिंतीला टेकवून ठेवत नाही आणि स्कूटरच्या डिकीत तर नाहीच. जूनमध्ये शाफ्ट बोटांना इतका चिकटायचा की इथले सगळे तीन बोटांचा हातमोजा का घालतात ते उमगलं. शंभर-दीडशे तैवान डॉलरला मिळतो, लाजू नका. रोज खेळून झालं की कोरड्या सुती फडक्यानं शाफ्ट गरम होईपर्यंत घासायचा. चॉकचा निळा थर बसलाच तर किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं. सँडपेपर मात्र शाफ्टला लावायचा नाही, दर वेळी तो बारीक होत जातो.

तक्रारी? पकडीवरचा धागा ऑक्टोबरपर्यंत एका जागी उसवायला लागला. तळाचं रबर दोनदा निखळलं, शेवटी चिकटवून टाकलं. ब्रेकसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीला बॉल फोडायला, हा क्यू वापरू नये. मऊ टिप ब्रेकच्या फटक्यानं लवकर दबते, म्हणून ब्रेकला मी हॉलच्या रॅकमधला कुठलाही क्यू उचलतो.

भारतात नेणार असाल तर लक्षात ठेवा, क्यू विमानाच्या केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, चेक-इनच करावा लागतो. सुटा केल्यावर प्रत्येक भाग पाऊण मीटरच्या आतबाहेर असतो, मोठ्या बॅगेत तिरका बसतो. बाहेरून कडक नळीची केस असू द्या. आणि दोन्ही भागांच्या आट्यांना टोपणं लावून ठेवा, ती शंभर तैवान डॉलरमध्ये मिळतात आणि दुकानदार ती स्वतःहून कधी देत नाहीत.