कॅन्सरची लस: बाहेर घडवलेली की गाठीतच तयार होणारी?

टी-पेशींना, म्हणजे रोगट पेशी हेरून मारणाऱ्या प्रतिकारपेशींना, कॅन्सर ओळखायला शिकवायचं, हा हेतू दोन्हीकडे एकच: बाहेर बनवलेल्या एमआरएनए लसीत (ही शरीराच्या पेशींना ठरावीक प्रथिनं बनवायची सूचना देते) आणि लेसरच्या प्रकाशाने गाठ तापवण्याच्या पद्धतीत. प्रश्न एवढाच, की ओळख पटवणारे अँटिजेन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींतले खुणेचे रेणू, आणायचे कुठून?

एमआरएनए लसीत ते निवडून घेतात. काढलेल्या गाठीचा आणि निरोगी पेशींचा डीएनए ताडून पाहायचा, फक्त गाठीतच असलेले बदल हेरायचे आणि त्यावरून त्या एकाच रुग्णासाठी लस बनवायची. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या लसीत असे 34 पर्यंत अँटिजेन बसतात. यात वेळ जातो, खर्चही मोठा. पण हाताशी माणसांवरचे आकडे आहेत: शस्त्रक्रिया झालेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) 157 रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती मोकळी करणाऱ्या औषधाच्या तुलनेत लसीची जोड दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका 44 टक्क्यांनी कमी दिसला. चाचणी लहान होती, हे विसरू नये.

प्रकाशाच्या पद्धतीत निवडानिवड नाहीच. सिलिकावर सोन्याचा पातळ थर दिलेले, साधारण 150 नॅनोमीटरचे कण गाठीत पोचवतात आणि त्यावर 800 नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर सोडतात. कण तापतात, पेशी मरतात. मरताना कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं, एटीपी हा पेशीतला ऊर्जेचा रेणू बाहेर सांडतो. या खुणांवर डेंड्रिटिक पेशी (टी-पेशींना ओळख पटवून देणाऱ्या प्रतिकारपेशी) गोळा होतात, मेलेल्या पेशींतले अँटिजेन उचलतात आणि लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींपुढे ठेवतात. गाठच लसीचं काम करते. सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनए वाचण्यासाठी, थांबायला नको. मात्र तापमान नेमकं सांभाळावं लागतं. कमी पडलं तर पेशी सावरतात, अति झालं तर प्रथिनंच शिजतात. शिवाय असा प्रकाश ऊतींत फार खोल जात नाही. आतल्या गाठीसाठी फायबर आत घालावा लागतो.

बातम्यांतले डोळे दिपवणारे निकाल बहुतेक उंदरांवरचे असतात. सोन्याच्या कणांचा माणसांवरचा, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रोस्टेटच्या 16 रुग्णांचा होता. तिथे हेतू गाठ जाळण्याचा होता, लसीचा नव्हता.

त्यामुळे गाठ काढून झाली असेल आणि एमआरएनएच्या चाचणीत प्रवेश मिळत असेल, तर मी आज तिकडेच झुकेन. गाठ शरीरातच आहे, लेसर पोचेल अशा जागी आहे आणि प्रकाशाच्या पद्धतीची चाचणी सुचवली गेली आहे, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: लेसर न पडलेल्या, दूरच्या गाठी कुणा रुग्णात आकसल्या का? नसतील, तर समोर आहे तो गाठ जाळण्याचा उपचार. त्याची तुलना मग लसीशी नको, शस्त्रक्रियेशी आणि रेडिएशनशी करा.