अमिगा १२०० : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी जर्मनीत राहतो. कमोडोर कंपनीचा अमिगा हा घरगुती कॉम्प्युटर सर्वांत जास्त खपला तो याच देशात आणि ब्रिटनमध्ये, त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात तो अजून सापडतो. माझा १२०० तिथलाच. कीबोर्ड जर्मन, म्हणजे वाय आणि झेडची अदलाबदल. महिनाभरात बोटं सरावली. घेणार असाल तर कपॅसिटर बदललेत का, ते आधी विचारा. तीस वर्षांत ते गळतात आणि बोर्ड खराब करतात.

रोज रात्री प्रोट्रॅकर या प्रोग्रॅमवर संगीत, रविवारी मुलीबरोबर डीलक्स पेंटमध्ये चित्रं. हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलंय.

आठ महिन्यांनंतरही एका गोष्टीचा कंटाळा येत नाही. माउसने अख्खी स्क्रीन पकडून खाली ओढायची, की मागून दुसरी दिसते, वेगळ्या रेझोल्यूशनची, वेगळ्या रंगांची. दोन्ही एकाच वेळी, एकाच मॉनिटरवर! कॉपर नावाचा भाग मॉनिटरच्या किरणाबरोबर ओळीओळीने चालतो आणि मधल्याच ओळीवर सगळं बदलून टाकतो. अमिगाचे रचनाकार जे मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८५ साली घरगुती कॉम्प्युटरमध्ये आणलं. ४०९६ रंग, चार चॅनलचा स्टिरिओ आवाज आणि खरंखुरं मल्टिटास्किंग, तेही २५६ केबी मेमरीत. तेव्हाचा साधा पीसी नुसता बीप करायचा.

मग असं यंत्र बुडालं कसं? संगीत करताना मला ते रोज ऐकू येतं. माझं यंत्र १९९२चं, पण आवाजाची चिप तीच १९८५ची पाउला. चारच चॅनल, आठच बिट. सात वर्षं! तोवर पीसीवाले हवं ते साउंड कार्ड घालत होते, हवं ते ग्राफिक्स कार्ड बदलत होते. अमिगात सगळं बोर्डावरच्या चिपांना जखडलेलं, आणि गेम थेट त्या चिपांशी बोलत, म्हणून चिप बदलणंही अवघड. ज्यामुळे हे यंत्र थोर झालं, त्यानेच त्याचे पाय बांधले.

चित्रांचंही तेच. अमिगा रंग बिटप्लेनमध्ये, म्हणजे मेमरीतल्या वेगवेगळ्या थरांत, विभागून ठेवतो. २५६ रंगांत एक ठिपका बदलायचा तर मेमरीत आठ ठिकाणी हात लावावा लागतो. पीसीच्या व्हीजीए ग्राफिक्समध्ये एक बाइट लिहिली की झालं. सरकत्या द्विमितीय खेळांना अमिगाची पद्धत उत्तम होती. डिसेंबर १९९३मध्ये पीसीवर डूम हा त्रिमितीय भासणारा खेळ आला आणि तिथे ती उघडी पडली.

तरी मी इंजिनिअरांना दोष देणार नाही. ट्रिपल-ए या नव्या चिपसंचावर १९८८पासून काम चालू होतं, तो बाजारात आलाच नाही. कंपनी तोट्यातून वर काढणारे तिचे प्रमुख थॉमस रॅटिगन यांना १९८७मध्येच काढून टाकलं होतं. १९९२मध्ये स्वस्त मॉडेल म्हणून ६०० काढला, तो स्वस्त झालाच नाही, आणि न्यूमेरिक कीपॅडही गेला. त्याच वर्षी ३९९ पाउंडांना आलेला १२०० चांगला होता, पण दोन वर्षं उशिरा आला. २९ एप्रिल १९९४ला कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली. मला याचा आजही राग येतो.

विकत घेणाऱ्यांसाठी: फास्ट रॅमचं, म्हणजे फक्त प्रोसेसरसाठीच्या जादा मेमरीचं, कार्ड घालाच. मूळच्या २ एमबी चिप रॅमवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकमेकांची वाट अडवतात. कार्ड घातल्यावर वेग जवळपास दुप्पट होतो. आणि जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा मॉनिटर, मिळाला तर सोडू नका, स्क्रीन ओढण्याची मजा त्यावरच आहे.