पांढरं रेशनकार्ड म्हणून आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली, 26,280 गेले आणि वर 2,18,640 चं बिल भरलं

लिहायला लाज वाटतेय, घरच्यांनी पण नको म्हणलं होतं. पण आमच्याच गल्लीत अजून दोघांनी त्याच विमा एजंटकडून पॉलिसी घेतलीय असं परवा कळलं, मग राहवलं नाही.

माझं सोलापुरात नवी पेठेत चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. 2024 च्या दिवाळीनंतर हा माणूस दुकानात आला, ओळखीतल्याचा ओळखीचा, दादा दादा करत बसला, चहा घेतला. म्हणाला, "दादा तुमचं कार्ड पांढरं, महात्मा फुले योजना पिवळ्या-केशरीवाल्यांना. तुम्हाला सरकारमान्य पॉलिसीच काढावी लागणार." मी विश्वास ठेवला, कारण ही सरकारी मोफत उपचारांची योजना 2012 ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं, तेव्हापासून पिवळं-केशरी एवढंच डोक्यात बसलेलं. 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डवाल्यांना पण ती लागू झालीय, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, हे मला कुणी सांगितलं नाही. त्याला मात्र माहीत असणारच, धंदाच आहे त्याचा. आणि सरकारमान्य म्हणजे काय, तर कंपनीला लायसन्स आहे, एवढंच. ते सगळ्याच कंपन्यांना असतं.

आईच्या नावावर 5 लाखांची पॉलिसी. आई 59 ची. हप्ता 21,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 24,780. वर कार्डाचे म्हणून 1,500 रोख घेतले, पावती नाही. (पावती न देता रोख मागितलं की तिथंच उठा.)

आता खरं जे बोचतंय ते. आईला आठ वर्षांपासून शुगर आणि बीपी. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, गोळ्यांची पाकिटंसुद्धा दाखवली. तो म्हणाला या वयात सगळ्यांनाच असतं, लिहिलं की हप्ता वाढतो. फॉर्म त्यानंच मोबाईलवर भरला, मी फक्त ओटीपी सांगितला. मग कंपनीचा फोन आला, हिंदीत, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का. तो माझ्यासमोरच बसलेला. त्यानं हातानं खूण केली, नाही म्हणा. आणि मी नाही म्हणालो. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, बाई भराभर बोलत होती, सगळं खरं, पण "नाही" हे माझ्याच तोंडातून गेलं. तो आवाज त्यांच्याकडे रेकॉर्ड आहे. त्या मिनिटाला कळायला पाहिजे होतं, की माणूस खरं सांगू नका म्हणतोय तर पुढं काय होणार. पॉलिसी इंग्रजीत आली, 40 पानांची, मी कपाटात ठेवली. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. तेवढ्या दिवसांत भरलेल्या फॉर्मची कॉपी उघडून बघितली असती तर आजाराच्या रकान्यात "नाही" लिहिलेलं दिसलं असतं.

जून 2025 ला आईच्या छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. कॅशलेस नाकारलं, नंतर क्लेम पण नाकारला, केसपेपरवर "8 वर्षांपासून शुगर" आहे आणि फॉर्मवर नाही म्हणून. पॉलिसीही रद्द केली. बिल 2,18,640. बायकोचे दागिने गहाण टाकले, पतसंस्थेतून 1,20,000 उचलले. आणि खरं लिहून दिलं असतं तरी आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे ही पॉलिसी आईच्या कामाची नव्हतीच. सरकारी योजनेत आधीच्या आजाराला असं थांबावं लागत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ते हॉस्पिटल योजनेत होतं. आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल दारातच, मी तीन दिवस त्याच्यासमोरून औषधं आणायला ये-जा करत होतो. डिस्चार्जनंतर विचारलं तर तो म्हणाला, ॲडमिट होतानाच रेशनकार्ड-आधार घेऊन यायला पाहिजे होतं, एकदा बिल भरलं की परत मिळत नाही. त्यामुळं पेशंट आत गेला की आधी ते टेबल शोधा, किंवा 155388 ला फोन करा.

तक्रारीचं सांगायचं तर कंपनीच्या ब्रँचमध्ये चार खेपा घातल्या, दरवेळी हेडऑफिसला मेल करा. पोलिसांकडं गेलो, साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर हा सिव्हिल मॅटर आहे, तुम्हीच ओटीपी दिला, तुम्हीच नाही म्हणालात. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत, पोच मागितली तर माझ्यावरच आवाज चढवला. एका सरकारी ऑफिसात तर आमच्याकडं येत नाही म्हणून तीन टेबलं फिरवलं आणि शेवटी परत पहिल्याच टेबलावर आणून सोडलं. आई घरी झोपून, दुकान बंद, आणि मी फायली घेऊन सात रस्त्याला उभा. गरीब माणसानं दाद मागायची तरी कुठं?

एजंट म्हणतो, मी तर विचारलं होतं, दादांनीच नाही सांगितलं.

कंपनीकडं लेखी तक्रार केली, महिना उलटूनही दाद नाही म्हणून आता पुण्याला विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं अर्ज टाकलाय. फी लागत नाही, वकील लागत नाही, पण कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षात जावं लागतं, तारीख चुकवू नका. आणि त्या दोघांनो, तुम्ही कोण ते मला माहितीय, तुमच्या पॉलिसीला अजून 30 दिवस झालेले नाहीत, आजच फॉर्मची कॉपी काढा आणि आजाराचा रकाना बघा.