पाणंद रस्त्याला चुना-राख करून घेतली (निफाड तालुका), 5 पैकी 4 स्टार

आमच्या द्राक्षबागेकडं जाणारी 300 मीटर पाणंद, सगळी काळीभोर माती. उन्हाळ्यात भेगांत पाय जाईल अशी अवस्था आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतलाच समजा. दरवर्षी मुरूम टाकायचा अन दरवर्षी तो चिखलात गडप, चार वर्षं हेच केलं. शेवटी नाशिकच्या एका ठेकेदाराकडून मे महिन्यात, माल निघून गेल्यावर, चुना आणि एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राची राख मिसळून मातीच पक्की करून घेतली.

नुसती राख टाका असं सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. आपल्याकडच्या कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना फार कमी असतो, ती एकटी धरत नाही. चुना पडला की मातीचा चिकटपणा लगेच कमी व्हायला लागतो, फुगणंही कमी होतं, अन राखेतली सिलिका त्या चुन्याशी मिळून पुढं कितीतरी आठवडे हळूहळू घट्ट होत राहते.

यांनी आधी मातीची टेस्ट करून 4 टक्के चुना, 15 टक्के राख असं प्रमाण काढलं (तुमच्या मातीला वेगळं येईल, माझं उचलू नका). रोटाव्हेटरनं ढेकळं अगदी बारीक केली, चुना-राख पसरून परत फिरवला, टँकरनं बेताचं पाणी मारलं आणि रोलर. पाणी किती ते मुठीत माती दाबून बघत होते, गोळा व्हायला हवा पण हात ओला नको. हे काम मन लावून केलं, खरंच समाधान वाटलं.

एक स्टार कापला तो शेवटच्या 60 मीटरसाठी. 3 मीटर रुंदी, 20 सेंमी थर म्हणजे तेवढ्यात साधारण 54 टन माती, 4 टक्क्यांनी 25 किलोच्या 85 पिशव्या तरी चुना लागतो, मी मोजल्या तर 50 च. बोललो तर म्हणे चालतं. वर सात दिवस ओलं ठेवायचं ठरलेलं असताना तिसऱ्या दिवशी टँकर बंद, मग मीच बागेच्या पंपावरून पाणी मारलं. मजुरांना हातमोजे, चष्मेही नव्हते, चुना डोळ्यात गेला तर केवढ्याला पडेल, हे मला अजिबात पटलं नाही.

जुलैत दोन्हीकडची ढेकळं बादलीत टाकून पाहिली. आधीच्या भागातलं रात्रभर तसंच राहिलं, शेवटच्या भागातलं तासाभरात काठानं विरघळायला लागलं. रस्त्यावरही तसंच, 240 मीटर पिकअप भरून मस्त जाते, पुढं चाकोऱ्या पडल्यात. तेवढा तुकडा दिवाळीनंतर परत करून द्यायचं कबूल केलंय.

करायचं असेल तर दोन्ही बाजूंनी चर काढा आणि वरून मुरूम-खडीचा थर द्या, उघडा ठेवला तर चाकांनी झिजतो.