बालकलाकार मोठा झाला. आता मालिका की डबिंग?

गेल्या महिनाभरात तीन घरांतून मला हाच प्रश्न आला. तिन्ही घरांतली पोरं लहानपणी कुठल्या ना कुठल्या मालिकेत होती. आता सतरा-अठराची झालीत, मिसरूड फुटलंय, आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर जायचं की आवाजाच्या कामाकडे वळायचं यावर जेवणाच्या ताटावर चर्चा चालते. मी दोन्ही ठिकाणी राहून आलोय. दहाव्या वर्षी एका मालिकेत नायिकेचा धाकटा भाऊ होतो. पुढे कॉलेजात एकांकिका, मग पावणेदोन वर्षं एका डेली सोपमध्ये मधला दीर, आणि गेली नऊ वर्षं डबिंग. तेव्हा खालचं सगळं एका माणसाच्या अनुभवाचं आहे. दुसऱ्या कुणाला उलट अनुभव आला असेल तर तोही खराच असणार.

वर्सोव्याच्या आरामनगरला ऑडिशनच्या रांगा कशा लागतात, फोटो कसले काढायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

आधी लहानपणीच्या पुण्याईबद्दल. मालिकेत ती जेवढी कामाला येते तेवढीच आडवीही येते. लोकांना तुमचा चेहरा आठवतो, पण तो आठ वर्षांच्या पोराचा. ऑडिशनला गेलो की कास्टिंगवाली ताई 'अय्या, तू तो छोटू ना!' म्हणून खूश व्हायची आणि तिथेच माझा निकाल लागायचा. छोटूला लग्नाचा ट्रॅक कोण देणार? त्यात मालिकेत लीप आला, म्हणजे गोष्टीने काही वर्षं पुढे उडी मारली, की पहिला बळी बालकलाकाराचा. शुक्रवारी तुम्ही दप्तर घेऊन शाळेत जाता, सोमवारी त्याच दारातून कुणीतरी सहा फुटी तरुण आत येतो आणि आजी त्याला तुमच्या नावाने हाक मारते. हे पार करून जाणारे आहेतच. साठच्या दशकातला मास्टर सचिन पुढे नायक झाला, दिग्दर्शक झाला, टीव्हीवरही गाजला. पण सचिन पिळगावकरांचं उदाहरण समोर ठेवून आपल्या पोराचं करिअर आखणं म्हणजे तेंडुलकरांकडे बघून शाळा सोडण्यासारखं आहे. जवळचं उदाहरण किंशुक वैद्यचं. 'शाका लाका बूम बूम'मधल्या संजूला घराघरात ओळखत होते, तरी मोठ्यांच्या भूमिकेत हिंदी मालिकेत तो परत दिसला २०१६मध्ये. मधली वर्षं घरच्यांनी कशी काढायची याचा विचार आधी करून ठेवा, एवढंच म्हणतो.

डबिंगमध्ये छोटू कुणाला आठवत नाही, आणि सुरुवातीला त्याचं वाईट वाटतं. पण लहानपणी शिकलेलं वाया जात नाही. हातात आलेला कागद तिथल्या तिथे वाचणं, 'अजून थोडं हसत बोल' म्हटल्यावर तेवढंच थोडं हसणं, मोठ्यांच्या गर्दीत न बुजणं, हे सगळं अंगात मुरलेलं असतं. नवख्याला ते शिकायला वर्ष जातं.

एक गोष्ट मात्र मुलांच्या आईवडिलांनी नीट समजून घ्यावी. मुलग्यांचा आवाज फुटतो. तेरा-चौदाव्या वर्षी जे काम सहज मिळत होतं ते एका पावसाळ्यात बंद होतं. म्हणूनच कार्टूनमधल्या मुलांचे आवाज बहुतेक वेळा बायकांचे असतात. निंजा हातोडी हिंदीत बोलतो तो आपल्या मेघना एरंडेंच्या आवाजात. सोनल कौशल यांनी हिंदी डोरेमॉनला आवाज द्यायला सुरुवात केली तेव्हा त्या शाळेत होत्या. त्या मोठ्या झाल्या, डोरेमॉन तिथेच राहिला. म्हणजे मुलगी असेल तर बालकलाकाराचा धागा न तुटता पुढे जाऊ शकतो. मुलगा असेल तर दोन-तीन वर्षं सरळ मोकळी सोडा. त्या काळात आरडाओरड्याची कामं घेऊ नका, गळा आयुष्यभर पुरवायचा आहे. नंतर बसेल तो आवाज वेगळाच असेल आणि त्याच्यावर नव्याने मेहनत घ्यावी लागेल. संकेत म्हात्रेंचा आवाज हिंदीत कार्टूनमधल्या बेन टेनलाही बसला आणि सिनेमातल्या डेडपूललाही. अशी रेंज गळ्यासोबत जन्माला येत नाही.

काम प्रत्यक्षात कसं असतं? अंधेरीच्या एखाद्या इमारतीत, जिथे खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर सीएचं ऑफिस, तिथे मधल्या मजल्यावर एक खोली. आत अंधार, समोर स्क्रीन, कानात हेडफोन, पुढ्यात माईक. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर. सीन लूपमध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यांत, तोडलेला असतो. मूळ आवाज ऐकायचा, तोंडाची उघडझाप बघायची, आणि तेवढ्याच श्वासात आपलं वाक्य बसवायचं. पहिल्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. हात हलवला की माईकमध्ये खसखस. मग पोट गुरगुरलं, तेही रेकॉर्ड झालं. रेकॉर्डिस्टदादांनी टॉकबॅकवर, म्हणजे काचेपलीकडून माझ्या हेडफोनमध्ये, शांतपणे विचारलं, 'भाऊ, नाश्ता करून नाही आलात का?' तेव्हापासून धुवून मऊ झालेला टीशर्ट, मनगटावर घड्याळ नाही, आणि बॅगेत एक केळं. तोंड चिकट होऊन चटचट आवाज यायला लागला तर हिरवं सफरचंद. बाकी आत तुम्ही दाढी केली आहे की नाही, पायात चप्पल कोणती, कुणाला पडलेली नसते.

कष्ट कमी आहेत असं नाही. पडणं, मार खाणं, धापा टाकणं, ज्याला आम्ही एफर्ट्स म्हणतो, ते सलग दीड तास केलं की दुसऱ्या दिवशी घरी खुणांनी बोलावं लागतं. शिवाय कामाचा मोठा भाग हिंदीत आहे. मराठीत डबिंग वाढलंय, पण निव्वळ त्यावर घर चालवणं अजून अवघड वाटतं. आपल्याकडच्या मुलांची हिंदी आपल्याला चांगली वाटते, माईकला वाटत नाही. 'ज़रा' आणि 'ज़्यादा'मधल्या 'ज़'च्या उच्चाराने माझे सहा महिने खाल्ले.

पैशाचं थोडक्यात. मालिकेत दिवसाचे मिळतात, आणि ते हातात यायला नव्वद दिवस ही जुनी रीत आहे. डबिंगमध्ये रक्कम लहान, कामं जास्त, आणि उशीर इथेही होतो. वर्षाचा हिशेब केला तर मालिका चालू असताना ती पुढे असते. ती बंद पडली की चित्र उलटं. या मुद्द्यावर मी कुणाला सल्ला देत नाही.

आता माझं कशावरून ठरलं ते सांगतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल.

मालिकेत उद्याचा कॉल आदल्या रात्री येतो. साडेनऊला येईल, साडेअकराला येईल. तोपर्यंत तुमचा उद्याचा दिवस तुमचा नाही. कुणी मुद्दाम छळतं अशातला भाग नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपलेली असते, वाहिनीकडून सीन बदलून आलेला असतो, आणि शेड्यूल लावणारा एडी (असिस्टंट डायरेक्टर) बिचारा स्वतः जागाच असतो. पण तुम्ही 'उद्या येतो' असं कुणालाही म्हणू शकत नाही. मित्राला, दाताच्या डॉक्टरला, आईला.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ठाण्याला, सकाळी साडेनऊची वेळ. मी पंधरा दिवस आधी सांगून ठेवलं होतं, 'ऑफ दिलाय' असं उत्तरही आलं होतं. आदल्या रात्री ११:४०ला मेसेज: 'उद्या ७ इन, नायगाव. निळा कुर्ता कंटिन्युइटी.' म्हणजे सातला सेटवर, आणि आधीच्या सीनशी जुळायला तोच निळा कुर्ता. आम्ही डोंबिवलीत राहतो. पहाटे ४:४०ची गाडी, दादरला बदल, वसईजवळच्या नायगावहून रिक्षा. सातला पोचलो, साडेसातला मेकअप करून निळ्या कुर्त्यात बसलो. नऊ वाजले. आई-बाबा रिक्षाने निघाल्याचा फोन आला. अकराला ऑपरेशन झाल्याचा फोन आला. दोनला स्पॉटदादांनी जेवणाचं ताट आणून दिलं आणि कुर्त्यावर नॅपकिन लावून दिला, आमटी सांडली तर कंटिन्युइटी जाईल म्हणून. संध्याकाळी ५:५०ला माझा शॉट लागला. पूजेच्या सीनमध्ये आजीच्या मागे उभं राहायचं आणि 'हो आजी' म्हणायचं. दोन टेकमध्ये ओके झालं. एपिसोड लागला तेव्हा आम्ही सगळे बघायला बसलो. आईच्या डोळ्यावर तेव्हा हिरवा चष्मा. आवाज आला, 'हो आजी', आणि पडद्यावर माझं कोपर दिसलं.

भांडण झालं नाही, कुणाला मी दोषही देत नाही. पण त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की जायचा तर फक्त आवाजच जाणार असेल, तर तो अंधेरीला जाऊन दोन तासांत देता आला असता. डबिंगचा स्लॉट तीन-चार दिवस आधी कळतो. मंगळवारी ११ ते १ म्हणजे ११ ते १, कारण दीडला स्टुडिओत दुसरं कुणीतरी येणार असतं. कधी रद्द होतो, पण रद्द झाला तर दिवस परत मिळतो.

मालिकेचं जे आहे ते मान्य करायला हवं. ओळख तिथेच मिळते. नाटकाच्या तिकीटविक्रीला, जत्रेतल्या कार्यक्रमाच्या सुपारीला, गावाकडच्या मामाला, सगळ्यांना चेहरा लागतो. सेटवर सहकलाकारांचं घरच होतं. डबिंगमध्ये आपण एकटेच रेकॉर्ड करतो आणि ज्याच्याशी कडकडून भांडलो तो नट कोण हे महिन्यानंतर कळतं. ज्याला माणसांत राहून काम करायचंय, दिसायचंय, त्याने खुशाल मालिका धरावी. दोन्ही करणारेही आहेत. श्रेयस तळपदे २०२१मध्ये 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये रोज संध्याकाळी दिसत होते आणि त्याच वर्षी हिंदी 'पुष्पा'चा आवाजही त्यांचाच होता. पण वेळेच्या बाबतीत चार लोक त्यांचं ऐकत असणार. मधल्या दिराचं ऐकत नाहीत.

धाकटं भावंड अजून बालकलाकार असेल तर एक गोष्ट. बालकामगार कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावा लागतो. माझ्या वेळी असलं काही आमच्या घरी कुणाला सांगितलं गेलं नव्हतं. तुम्ही विचारा, विचारलं की सेटवर जरा सांभाळून वागतात.

आणि डबिंगला जाणार असाल तर करार वाचल्याशिवाय सही नको. 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, कोणत्याही तंत्राने' असं लिहिलेलं असेल तर तुमच्या आवाजावरून मशीनचा आवाज बनवण्याची मुभाही तुम्ही देताय का, हे स्पष्ट लिहून मागा. चेहऱ्याची काळजी सगळे घेतात, आवाजाची कुणी घेत नाही.

पोराला विचारून बघा, त्याला रात्री साडेअकरापर्यंत फोनकडे बघत बसायला चालेल का. काहींना खरंच चालतं, त्यांना त्यात मजाही येते. माझा एक मित्र अजून त्याच धाटणीच्या मालिका करतोय आणि सुखात आहे.

मला या आठवड्यात मंगळवारी ११ ते १ आणि शुक्रवारी ४ ते ६ आहे. शनिवारी बदलापूरला भाचीचं बारसं. येतो म्हणून आईला सोमवारीच सांगून टाकलंय.