नेटवर्कवरून इमेज मारायची तर एमडीटी की फॉग?

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्याकडच्या कामाची जातच बदलली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळा-कॉलेजांच्या लॅब आणि उद्यमबागेतली छोटी ऑफिसं, सगळ्यांचं मागणं एकच: "सगळे लॅपटॉप एकसारखे करून द्या." एकसारखे म्हणजे विंडोज ११, ऑफिस, टॅली, सरकारी पत्रांसाठी नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि शेजारी मराठी कीबोर्डही. एवढं सगळं प्रत्येक मशीनवर हाताने बसवत बसलं तर लॅबचं वर्ष तिथंच संपतं. म्हणून एकदा इमेज, म्हणजे सगळं बसवलेल्या डिस्कची आयती प्रत, तयार करायची आणि नेटवर्कवरून सगळ्यांवर मारायची. (चार-पाचच मशीन असतील तर पेनड्राइव्ह घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.)

पर्याय मुख्यतः दोन. एक, विंडोज सर्व्हरवर डब्ल्यूडीएस (नेटवर्कवरून मशीन उठवणारी सर्व्हिस) आणि त्याच्या जोडीला एमडीटी (इमेज बसवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन). दुसरा, एखाद्या जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्स) टाकून फॉग, हेच काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर. विंडोज सर्व्हरला लायसन्स लागतं, फॉग फुकट आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मी दोन्ही वापरलेत. माझा निर्णय पैशावर झाला नाही, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर झाला.

आधी हे दुखणं नेमकं कुठं असतं ते सांगतो. लॅपटॉप पीएक्सईने (डिस्कऐवजी नेटवर्कवरून) उठतो, आयपी घेतो, फाइल उतरते, लोगो दिसतो, आणि पुढच्याच पडद्यावर नेटवर्क गायब. माणूस चक्रावतो, आत्ता तर चालत होतं! चालत होता तो फर्मवेअरमधला ड्रायव्हर. बूट इमेज मेमरीत आली की त्याचं काम संपलं. त्या इमेजमधल्या विंडोज पीईला (इमेज बसवण्यापुरतं छोटं विंडोज) स्वतःचा ड्रायव्हर लागतो. कोल्हापूरहून निघून निपाणीत गाडी बदलली तर पुढचं तिकीट नवं काढावं लागतं, तसंच हे. फॉगमध्ये तर गाडी दोनदा बदलते: फर्मवेअर, मग आयपीएक्सई (पुढची फाइल आणणारा छोटा बूट प्रोग्राम), मग लिनक्स कर्नल. कागदावर बघितलं तर फॉगमध्ये बिघडायच्या जागा जास्त.

आणि एमडीटीचं एक कौतुक केलंच पाहिजे. ते अडतं तेव्हा कारण सांगून अडतं. डिप्लॉयमेंट शेअरपर्यंत (सर्व्हरवरच्या इमेजच्या फोल्डरपर्यंत) पोचता येत नाही, अमुक डिव्हाइसला ड्रायव्हर नाही, असा निरोप येतो आणि खाली हार्डवेअर आयडी असतो. त्यात व्हेंडरच्या जागी ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, यूएसबी डोंगलला (बाहेरून लावायच्या नेटवर्क कार्डाला) ०बीडीए दिसलं तर तेही रियलटेकच. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग मारा. नुसतं शीर्षक येऊन खाली काहीच नसेल तर ड्रायव्हर नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर ड्रायव्हर ठीक आहे, डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) बघा. ड्रायव्हरची आयएनएफ फाइल पेनड्राइव्हवर असेल तर डीआरव्हीलोड कमांडने ती तिथल्या तिथं चढवून खात्रीही करता येते. (सेटअपची ईएक्सई इथं कामाची नाही, आतली आयएनएफ उकलून घ्यावी लागते.)

इथपर्यंत सगळं छान. वैताग पुढे आहे. हा ड्रायव्हर कायमचा हवा तर तो एमडीटीत आयात करायचा, बूट इमेज पुन्हा पूर्ण तयार करायची, ती डब्ल्यूडीएसमध्ये जुनीच्या जागी घालायची, आणि मग परत लॅपटॉप उठवून बघायचा. ही शेवटची बदली राहिली की जुनीच इमेज वर येते आणि ड्रायव्हरच चुकीचा होता असं वाटत राहतं. एखादं मॉडेल असेल तर चालून जातं. पण आपल्याकडच्या संस्था नवीन लॅपटॉप कमी आणि बेंगळुरूहून आलेला रिफर्बिश्ड लॉट जास्त घेतात. अशा लॉटमध्ये वरचा स्टिकर एकच आणि आत एकात इंटेल, दुसऱ्यात रियलटेक, हे मी डोळ्यांनी बघितलंय. खानापूरच्या पुढे एका कॉलेजात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ड्रायव्हर उतरवत, इमेज तयार व्हायची वाट बघत बसलो होतो, ती तयार होत आली आणि करंट गेला. शिपाईमामा दोनदा चहा देऊन गेले. ती संध्याकाळ माझ्यापुरती निर्णायक ठरली.

फॉगमध्ये हाच प्रसंग बहुतेक वेळा येतच नाही, कारण लिनक्स कर्नलमध्ये नेटवर्क ड्रायव्हरांची भरपूर भरती आधीपासून असते. आला तर तो दोनच जागी येतो, असा माझा अनुभव. पडदा 'इनिशियलायझिंग डिव्हायसेस'वर थिजला तर अडचण आयपीएक्सईची. तेव्हा डीएचसीपीच्या ऑप्शन ६७ मध्ये (कोणती बूट फाइल घ्यायची ते इथं सांगतात) आयपीएक्सई.ईएफआयऐवजी एसएनपीओन्ली.ईएफआय लिहायचं. ही फाइल स्वतःचा ड्रायव्हर न लावता फर्मवेअरचाच वापरते, त्यामुळे हट्टी डोंगलही वठणीवर येतात. दुसरी जागा कर्नलची. कार्ड अगदी नवं असेल तर फॉगच्या वेबपानावरूनच नवा कर्नल उतरवता येतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो नवा कर्नल फक्त एका होस्टला, म्हणजे एकाच मशीनला, लावता येतो. बाकीची चालती लॅब जशीच्या तशी राहते. एमडीटीत बूट इमेजला हात लावला की सगळ्यांच्याच बूट इमेजला लावल्यासारखं होतं.

फॉगची खोड लपवत नाही. लॅन पोर्ट नसलेले पातळ लॅपटॉप एकाच डोंगलवर एकामागून एक लावले की फॉगला सगळे एकच वाटतात, कारण त्याची ओळख मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर) चालते आणि इथं तो डोंगलचा असतो. काही बिझनेस मॉडेलांत मॅक पास-थ्रूची (डोंगलऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा मॅक दाखवायची) सोय बायॉसमध्ये असते, पण ती ठरावीक डोंगलवरच चालते. मी अशा वेळी रजिस्टर न करताच मेनूतून 'डिप्लॉय इमेज' निवडतो. शिवाय सिक्युअर बूट (सही नसलेला बूट प्रोग्राम अडवणारी सोय) बंद करावा लागतो आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा चालू करायचा. डब्ल्यूडीएसला ही कटकट नाही. संस्थेचे नियम कडक असतील तर एवढ्या एका कारणासाठी तराजू तिकडे झुकू शकतो, हे मान्य.

कोणतंही निवडा, एक परीक्षा मात्र ड्रायव्हर शोधायला बसण्याआधी करा. मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच असेल तर लॅपटॉप आणि त्या पोर्टच्या मध्ये एखादा साधा, स्वस्त पाच पोर्टवाला स्विच लावून बघा. चाललं तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणारी तपासणी) चालू असलेला पोर्ट लिंक आल्यावर जवळपास ३० सेकंद काही पुढे सोडत नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर लिंक पडून पुन्हा येते, तोवर डीएचसीपी मागणारा थकून जातो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट बघणं टाळणारी सेटिंग) चालू केलं की सुटतं. इंजिनिअरिंग कॉलेजांत हे फार भेटतं, कारण तिथं स्विच चांगले असतात.

एमडीटी कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे डोमेन (सगळी मशीन एका सर्व्हरखाली) आहे, मॉडेल दोन-तीनच आणि ठरलेली आहेत, आणि इमेज मारल्यावरचं सगळं टास्क सीक्वेन्सनेच (आधी ठरवून दिलेल्या पायऱ्यांनी आपोआप) व्हावं असं वाटतं, त्यांना ते आजही सोयीचं वाटेल. फक्त त्याची शेवटची आवृत्ती ८४५६ ही २०१९ ची आहे, विंडोज ११ तिच्या अधिकृत यादीत नाही आणि मायक्रोसॉफ्टने २०२६ मध्ये एमडीटी निवृत्तच केलं, हे धरून चला. मिक्स लॉट, गावोगावची लॅब, रोज नवं कार्ड, असं असेल तर मी तरी फॉगच सुचवीन. शाळेच्या राउटरमध्ये ऑप्शन ६६-६७ (सर्व्हरचा पत्ता आणि बूट फाइल) भरायची सोय नसते म्हणून घाबरू नका, फॉगच्याच मशीनवर डीएनएसमास्क (राउटरच्या डीएचसीपीला बूटची माहिती जोडणारा छोटा प्रोग्राम) प्रॉक्सी म्हणून लावलं की राउटरला हात लावावा लागत नाही.

दोन्ही करून बघायचे असतील तर जरूर बघा, पण एकाच नेटवर्कवर एकदम चालू ठेवू नका. डब्ल्यूडीएसची सर्व्हिस आधी थांबवा, नाहीतर लॅपटॉपला आधी उत्तर कोण देईल याचा भरवसा नाही आणि तुम्ही पुन्हा ड्रायव्हरच शोधत बसाल.