टी४८० की टी४९०? एका वर्षाचा फरक आणि एक गेलेला रॅमचा स्लॉट

गेल्या महिन्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, होस्टेलवर राहणं, बजेट बेताचं. "मामा, सेकंडहँड थिंकपॅड घ्यायचं ठरलंय. दुकानात टी४८० आहे आणि टी४९० पण आहे. दुकानदार म्हणतो फरक तीनच हजारांचा आहे, तर नवीनच घे."

टी४८० आणि टी४९० ही लेनोवो कंपनीच्या थिंकपॅड लॅपटॉपची दोन मॉडेलं. दुकानदार चुकीचं सांगत नव्हता. पैसे हातात घेऊन उभा असलेला कुणीही नवीन मॉडेलकडेच झुकेल. टी४९० दिसायला पातळ आहे, हलका आहे, त्याचा स्क्रीन बहुधा जास्त उजळ असतो. तरी मी भाच्याला म्हटलं, दोन दिवस थांब. हे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले की "नवीन" या शब्दात नेमकं काय मिळतं आणि काय जातं, हे अगदी स्पष्ट दिसतं. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून बदलून निघालेल्या यंत्रांच्या बाजारात हे दोघे नेहमीच शेजारी असतात, त्यामुळे हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी वेगाचं बघू, कारण सगळे तेच विचारतात. टी४८० हा २०१८ चा, टी४९० हा २०१९ चा. टी४८० मध्ये बहुतेक वेळा इंटेलचा आय५-८२५०यू किंवा ८३५०यू प्रोसेसर सापडतो, टी४९० मध्ये ८२६५यू किंवा ८३६५यू. दोन्हींकडे इंटेलची आठवी पिढी, चार कोअर, तेच १४ नॅनोमीटरचं तंत्र, आत तोच यूएचडी ६२० ग्राफिक्स. नव्याचा कमाल वेग कागदावर जास्त आहे: ८२५०यू ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ८२६५यू ३.९ पर्यंत. पण तो कमाल वेग काही क्षणांपुरता. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला (कोडचा चालता प्रोग्राम बनवायला) लावला की थोड्या वेळात दोघेही तापमान आणि १५ वॅटच्या मर्यादेपाशी येऊन स्थिरावतात, आणि मग फरक शोधावा लागतो. काही टी४९० दहाव्या पिढीच्या चिपसहही निघाले. त्यांतला आय५ सुद्धा चार कोअरचाच आहे. वेगासाठी म्हणून तीन हजार जास्त देत असाल, तर देऊ नका.

दोघांची एक उणीवही सारखीच आहे. एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय इंटेलच्या चिपमध्ये अकराव्या पिढीपासून आली. त्यामुळे यूट्यूबने एव्ही१ मध्ये व्हिडिओ पाठवला तर या दोन्ही यंत्रांत सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा बोलू लागतो. ब्राउझरमध्ये जुना फॉरमॅट मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाकलं की हे थांबतं.

आता खरा मुद्दा, रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणारी मेमरी. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. दोन्ही मोकळे करता येतात, दोन्हींत साधी डीडीआर४ लॅपटॉप स्टिक बसते. कंपनी अधिकृतपणे ३२ जीबी सांगते, प्रत्यक्षात ३२ च्या दोन स्टिक लावून ६४ जीबीवर चालवणारे पुष्कळ आहेत. टी४९० मध्ये एक स्लॉट उरला आहे आणि बाकीची रॅम मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, कायमची सोल्डर केलेली आहे. बोर्डवर ८ जीबी असेल आणि तुम्ही स्लॉटमध्ये आणखी ८ घातली तर १६ होते. ३२ ची स्टिक घातली तर ४० होते. म्हणजे आकडा बघितला तर टी४९० काही भिकेला लागलेला नाही, आणि हे मी भाच्यालाही सांगितलं. १६ जीबीवर भागणाऱ्या माणसाला एक स्लॉट पुरतो.

मग एवढा आग्रह कशासाठी? बिघाडासाठी. रॅमची स्टिक खराब झाली तर टी४८० मध्ये ती काढायची, दुसरी लावायची, दहा मिनिटांचं काम. सोल्डर केलेली चिप खराब झाली तर यंत्र सुरूच होत नाही किंवा मधूनच निळा पडदा दाखवतं, आणि मग प्रश्न मदरबोर्डचा होतो. माझ्या बहिणीच्या एका पातळ लॅपटॉपचं असंच झालं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, तो थिंकपॅड नव्हता. सर्व्हिस सेंटरने पूर्ण बोर्ड बदलायचा खर्च सांगितला, आणि तो लॅपटॉपच्या त्या वेळच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. तिच्या पीएचडीचं काम पेन ड्राइव्हवर होतं म्हणून वाचलं. चिप काढून नवी बसवणारे कुशल कारागीर आपल्याकडे आहेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारत गेलात तर भेटतात. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलाला तो रस्ता सोपा नाही. ज्याच्या जवळ चांगला दुरुस्ती करणारा नाही, त्याने स्वतः उघडता येईल असं यंत्र घ्यावं, हे माझं पक्कं मत आहे.

रॅमबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती ताजी आहे. "आधी ८ जीबी घे, पुढे वाढव" हा सल्ला आपण वर्षानुवर्षं देत आलो. २०२५ च्या अखेरीपासून तो तितकासा खरा राहिलेला नाही. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि साध्या रॅमचे भाव भराभर चढले, डीडीआर४ चेही. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे स्लॉट मोकळा आहे यावर खूश होऊन ८ जीबीवाला टी४८० उचलू नका. दुकानदाराकडे उघडून ठेवलेल्या यंत्रांच्या स्टिक पडलेल्या असतात. सौदा करतानाच १६ जीबी, तीही ८ च्या दोन, असं ठरवून घ्या. दोन सारख्या स्टिक असल्या की दोन्ही मार्गांनी मेमरी वाचली जाते आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा दिसतो. हीच गोष्ट टी४९० लाही लागू आहे: बोर्डवर ८ आणि स्लॉट रिकामा, अशा अवस्थेत तो घेऊ नका.

बॅटरीच्या बाबतीत टी४८० इतका वेगळा आहे की मी स्वतः पाच वर्षं तो वापरतोय त्याचं निम्मं कारण तेच आहे. त्याच्या पोटात २४ वॅट-अवरची (हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) एक बॅटरी असते आणि मागे दुसरी, बाहेरून काढता येणारी. बाहेरची २४, ४८ किंवा ७२ वॅट-अवरची मिळते. आधी बाहेरची संपते, मग आतली. बाहेरची संपली की लॅपटॉप बंद न करता ती ओढून काढायची आणि भरलेली दुसरी लावायची. चालू काम तसंच राहतं, आतली बॅटरी तेवढा वेळ सांभाळते. मोठी बॅटरी लावली तर एकूण ९६ वॅट-अवर होतात. टी४९० मध्ये आत एकच ५० वॅट-अवरची बॅटरी आहे, बाहेर काही नाही.

गावी गेलो की उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. तिथे माझ्या पिशवीत दुसरी भरलेली बॅटरी असते आणि मी निवांत काम करतो. याच बॅटऱ्या टी४७०, टी५७०, टी५८० या मॉडेलांनाही चालतात, त्यामुळे बाजारात त्या अजून मिळतात. मोठी बॅटरी लावल्यावर लॅपटॉप मागून उंच होतो आणि जड लागतो, हे खरं. लहान बॅटरीसह टी४८० चं वजन १.५८ किलोपासून सुरू होतं, टी४९० चं १.४६ पासून. जाडीत दोन मिलिमीटरचा फरक. रोज लोकलमध्ये उभं राहून दीड तास जाणाऱ्या माणसाला हे ग्रॅम खांद्याला कळतात. त्याने टी४९० घेतला तर मी त्याला दोष देणार नाही.

टी४९० ज्यात सरळ सरळ पुढे आहे त्या दोन गोष्टी म्हणजे स्क्रीन आणि एसएसडी. टी४८० चे कित्येक नग १३६६ × ७६८ च्या फिकट पडद्याचे आहेत. तो पडदा घेऊच नका, कोड लिहिणाऱ्याने तर नाहीच. फुल एचडी असला तरी २५० निटचा (निट हे उजेडाचं माप), रंग धुतल्यासारखे. टी४९० मध्ये ४०० निटचा, कमी वीज खाणारा फुल एचडी पडदा असलेले नग सापडतात, आणि खिडकीशेजारी बसून काम करताना तो फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. टी४८० वर चांगला पडदा नंतर बसवता येतो, मीही बसवला, पण तो वेगळा खर्च आणि हलक्या हाताने करायचं काम. एसएसडीचं म्हणाल तर टी४८० मध्ये ती अडीच इंची ड्राइव्हच्या जागी एका अडॅप्टरमधून जोडली जाते आणि पीसीआयईच्या, म्हणजे माहिती ने-आण करणाऱ्या मार्गाच्या, दोनच लेन मिळतात. टी४९० मध्ये चार. मोठ्या फाइली इकडून तिकडे नेताना ते कळतं. विंडोज सुरू होताना किंवा प्रोग्राम उघडताना मला तरी कळलेलं नाही. काही टी४८० मध्ये ते अडॅप्टर नसतंच, जुन्या, संथ जोडणीची साधी साटा ड्राइव्ह असते. दुकानात विचारून घ्या.

"एवढ्या जुन्यात कशाला अडकायचं, हप्त्याने कोरा घ्यावा," असं माझे मेहुणे म्हणाले. रास्त प्रश्न आहे. आजच्या चिप कमी वीज खातात, दिवसभर चालतात, त्याला तोड नाही. पण कोऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये सोल्डर केलेली ८ जीबी मिळणार असेल, तर चार वर्षं तेवढ्यावरच काढायची आहेत हे सही करण्याआधी समजून घ्या. इंटेलच्या २०२४ च्या लूनर लेक चिपमध्ये तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवली आहे, तिथे वाढवायचा प्रश्नच संपतो. कोरा घ्यायची ऐपत असेल तर स्लॉट असलेला शोधा. थिंकपॅडमध्येच टी१४ च्या २०२४ च्या पाचव्या पिढीत रॅमचे दोन स्लॉट परत आले आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. भाच्याच्या बजेटात मात्र तो बसत नव्हता.

भाच्याने शेवटी टी४८० घेतला. त्याला अँड्रॉइडचा एम्युलेटर (लॅपटॉपमध्येच चालणारा नकली फोन) आणि आभासी यंत्रं (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारे दुसरे कॉम्प्युटर) चालवायची आहेत, पुढे ३२ जीबी लागेल हे दिसतंय, आणि होस्टेलच्या खोलीत प्लगची जागा चौघांत एक. त्याच्याजागी माझी पुतणी असती, जी कॉमर्सला आहे आणि रोज बसने जाते, तर मी टी४९० च सुचवला असता.

घेताना मी त्याला फोनवरून एकेक तपासायला लावलं. पहिलं म्हणजे खरंच टी४८० आहे ना. टी४७० बाहेरून जवळजवळ तसाच दिसतो, बॅटरीही तीच, पण आत सहाव्या-सातव्या पिढीची दोन कोअरची चिप. ती विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. दुसरं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघायचं: तिथे सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे आधीच्या मालकाने लावलेलं कुलूप, विचारला तर यंत्र परत ठेवायचं. तिसरं, विंडोज रीसेट करून दुकानातच, वायफाय जोडून, नव्याने सुरू करायचं. एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन पडद्यावर आलं, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं तर प्रत्येक रीसेटनंतर तेच लॉगिन समोर येईल. याला वेळ लागतो, दुकानदार कंटाळतो, पण पैसे देण्याआधी हे करायलाच हवं.

चौथं टाइप-सी पोर्टचं. त्या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये, टी४८० मध्येही, थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्टमधूनच चालणाऱ्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये, एक दोष होता आणि त्याने काही काळाने पोर्ट निकामी व्हायचे. कंपनीने सुधारणा दिली, पण आधीच्या मालकाने ती टाकली असेलच असं नाही. चार्जर दोन्ही टाइप-सी पोर्टना लावून चार्जिंग होतंय का ते बघा, आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी ते अपडेट टाका. आतून उघडायची वेळ आली तर आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद करायचा पर्याय निवडा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. दुरुस्तीची अधिकृत पुस्तिका लेनोवोच्या साइटवर फुकट मिळते, चित्रांसकट.

आणि बॅटरी. कंपनीच्या व्हँटेज ॲपमध्ये तिची मूळ क्षमता आणि आताची क्षमता दिसते. भाच्याच्या यंत्रात आतली निम्म्यावर आली होती, बाहेरची त्याहून वाईट. तेवढ्यावर दुकानदाराने बाराशे रुपये कमी केले, आणि त्या पैशांत थोडी भर घालून पुढच्या महिन्यात ७२ वॅट-अवरची नवी बाहेरची बॅटरी घ्यायची असं ठरलंय.